समजून घ्या : सांडपाण्यातला पक्का रंग तुटतो कसा? फ्रिट्झ हाबर यांच्या अखेरच्या संशोधनाची गोष्ट

युरिया, विषारी वायू आणि रंगाचे पाणी शुद्ध करणारी प्रक्रिया या तिन्हींमागे एकाच शास्त्रज्ञाचे नाव येते. सोलापूरच्या डाइंग व्यवसायाला त्यांच्या शेवटच्या कामातून काय घेता येईल?

डिजिटल डेस्क, सोलापूर

सोलापुरी चादर घेताना गिऱ्हाईक एक खात्री हमखास करून घेते, ती म्हणजे रंग पक्का आहे ना. उन्हात, साबणात, घासण्यात न जाणारा रंग ही या चादरीची ओळखच आहे. अडचण अशी की, जो रंग चादरीवर टिकतो तोच सांडपाण्यातही टिकतो. सुताला न बसलेला रंग धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो आणि सांडपाणी प्रकल्पातल्या जिवाणूंना तो सहजासहजी पचत नाही.

हा चिवट रंग मुळातून तोडण्याची एक पद्धत जगभर वापरली जाते. त्यासाठी लागते थोडे लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. ही जोडी इतकी प्रभावी का ठरते, याचा उलगडा करणारा शोधनिबंध १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा त्याच्या दोन लेखकांपैकी एक हयात नव्हते. ते होते जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर, आपल्या पाठ्यपुस्तकांत अमोनियाच्या धड्यात ‘हेबर’ म्हणून भेटणारे.

हाबर यांची ओळख सहसा दोन टोकांची सांगितली जाते. हवेतल्या नायट्रोजनपासून खत तयार करण्याचा मार्ग दाखवणारे आणि रणांगणावर विषारी वायू सोडणारे. पाण्याशी त्यांचे नाते मात्र फारसे सांगितले जात नाही. ते आधी समजून घेऊ, मग डाइंगच्या पाण्याकडे येऊ.

रंगाचे पाणी इतके चिवट का?

सुती धाग्यासाठी वापरले जाणारे रिअॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतात, म्हणून ते पक्के बसतात. पण कुंडात टाकलेला सगळा रंग धाग्यावर जात नाही. काही रंग पाण्याशीच संयोग पावतो आणि वाया जातो. रंगाचा प्रकार आणि पद्धत यांनुसार हे प्रमाण १० टक्क्यांपासून जवळपास निम्म्यापर्यंत असू शकते. धाग्याने रंग ओढून घ्यावा म्हणून कुंडात भरपूर मीठही टाकलेले असते. तेही पाण्याबरोबरच बाहेर येते.

यातले बरेच रंग ‘अॅझो’ गटातले असतात. नायट्रोजनच्या दोन अणूंचा पूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बेंझिनसारखी कडी, अशी त्यांची रचना. हवा नसलेल्या गाळात जिवाणू हा पूल तोडतात आणि रंग दिसेनासा होतो. पण मागे अॅरोमॅटिक अमाइन उरतात, त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. तुरटी किंवा चुन्याने रंग खाली बसवला तर तो पाण्यातून गाळात जातो, नष्ट होत नाही. ब्लिचिंग पावडरने पाणी पांढरे दिसते, पण सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीन जोडला जाऊन नवी घातक संयुगे तयार होऊ शकतात.

म्हणजे रंग जाणे आणि प्रदूषण जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरे काम आहे ते रेणूचा कार्बनी सांगाडा मोडण्याचे.

रंगाच्या व्यापाऱ्याचा मुलगा

हाबर यांचा जन्म ९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे आणि व्रोत्सवाफ म्हणून ओळखले जाते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच आई गेली. वडील सिगफ्रिड हाबर रंग आणि औषधी द्रव्यांचे मोठे व्यापारी होते.

तो काळ रंगांच्या उलथापालथीचा होता. फ्रिट्झ जन्मले त्याच वर्षी कार्ल ग्रेबे आणि कार्ल लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून मिळणारा लाल रंग, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केला. शेतात पिकणारे रंग पुढे कारखान्यात बनू लागले. पुढे हाबर यांनी याच लिबरमान यांच्या हाताखाली संशोधन केले आणि १८९१ मध्ये बर्लिनमधून डॉक्टरेट मिळवली. वडिलांची इच्छा मात्र मुलाने गल्ल्यावर बसावे अशी होती.

हॅम्बुर्गची साथ आणि टीसीएल पावडर

१८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याची भीषण साथ आली. एल्बे नदीचे न गाळलेले पाणी शहराला दिले जात होते. काही आठवड्यांत आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारच्या अल्टोना गावात पाणी वाळूतून गाळून दिले जात होते, तिथे साथीचा जोर बराच कमी राहिला.

जंतुनाशक म्हणून क्लोराइड ऑफ लाइमला प्रचंड मागणी येणार, असा हाबर यांचा अंदाज होता. त्यांनी वडिलांना त्याचा मोठा साठा करायला लावला. आपल्याकडे ग्रामपंचायतीत आणि आषाढी वारीच्या काळात पंढरपूरच्या वाटेवर विहिरींत टाकली जाते ती टीसीएल पावडर म्हणजे याच पदार्थाचा उष्ण हवामानात टिकणारा प्रकार. साथ अपेक्षेपेक्षा लवकर ओसरली, माल पडून राहिला आणि पेढीला मोठा तोटा झाला. बापलेकाचे बिनसले. मुलाने व्यापारात पडू नये, यावर आता दोघांचे एकमत झाले!

हाबर येना विद्यापीठात गेले. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या जर्मनीत ज्यू तरुणाला प्राध्यापकपद मिळणे अवघड होते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. १८९४ मध्ये ते कार्ल्सरूहेच्या तंत्रविद्यालयात रुजू झाले. १९०१ मध्ये त्यांचा विवाह क्लारा इमरवार यांच्याशी झाला. ब्रेस्लाऊ विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला आणि स्वतः रसायनशास्त्रज्ञ. लग्नानंतर मात्र त्यांचे संशोधन मागेच पडले.

उत्प्रेरक म्हणजे नेमके काय?

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण पिकांना तो थेट घेता येत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. हाबर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट ल रोसिन्योल यांनी नायट्रोजन व हायड्रोजन यांवर प्रचंड दाब दिला, तापमान वाढवले आणि वाटेत ऑस्मियम धातू ठेवला. जुलै १९०९ मध्ये बीएएसएफ कंपनीच्या प्रतिनिधींसमोर त्यांच्या यंत्रातून द्रवरूप अमोनिया थेंबाथेंबाने पडू लागला.

ऑस्मियम इथे उत्प्रेरक होता. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रियेला सोपी वाट काढून देणारा पदार्थ. घाटाचा रस्ता सोडून बोगद्यातून जावे तसे. सुरुवात आणि शेवट तोच, मधली चढण कमी. ऑस्मियम दुर्मीळ होता. बीएएसएफमध्ये आल्विन मिटाश यांच्या चमूने हजारो चाचण्या करून लोखंडावर आधारित स्वस्त उत्प्रेरक शोधला, कार्ल बॉश यांनी दाब पेलणारी यंत्रणा उभी केली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या उसाला पडणाऱ्या युरियाच्या गोणीचे मूळ तिथे आहे. आज जगातील जवळपास निम्म्या माणसांचे अन्न या प्रक्रियेतून आलेल्या नायट्रोजनवर उभे आहे, असा अंदाज मांडला जातो. या शोधासाठी हाबर यांना १९१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले.

२२ एप्रिल १९१५

नोबेलच्या आधी महायुद्ध आले. हाबर तेव्हा बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म संस्थेचे संचालक होते. त्यांनी संस्था युद्धाच्या कामाला जुंपली. बेल्जियममधील ईप्र येथे २२ एप्रिल १९१५ रोजी संध्याकाळी, त्यांच्या देखरेखीखाली, हजारो नळकांड्यांतून दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडण्यात आला. समोरच्या फ्रेंच आणि अल्जेरियन सैनिकांकडे त्यापासून बचावाचे कोणतेही साधन नव्हते. चार दिवसांनी त्याच आघाडीवर उतरलेल्या भारतीय लाहोर डिव्हिजनलाही वायूचा मारा सोसावा लागला.

ज्या मूलद्रव्याने पाण्यातला कॉलरा मरतो तेच इथे माणसांच्या फुप्फुसात गेले. हाबर यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला. २ मे रोजी पहाटे क्लारा यांनी आपले जीवन संपवले. त्यांचे निरोपाचे कोणतेही पत्र आज उपलब्ध नाही, त्यामुळे कारणांविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. हाबर लगेचच पूर्व आघाडीवर रवाना झाले. वायुयुद्धाबद्दल त्यांनी पुढेही कधी जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला नाही.

समुद्रातले सोने

युद्ध हरलेल्या जर्मनीवर प्रचंड नुकसानभरपाईचा बोजा पडला. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले सोने काढून देशाचे कर्ज फेडावे, अशी योजना हाबर यांनी हाती घेतली. जुन्या मोजमापांनुसार एक टन पाण्यात काही मिलिग्रॅम सोने मिळायला हवे होते. बोटीवर प्रयोगशाळा थाटून, महासागरांतून हजारो नमुने गोळा करून त्यांनी तपासले. प्रत्यक्षात सोने अपेक्षेच्या शेकडो पटींनी कमी निघाले. आधीची मोजमापे रसायने आणि भांड्यांतल्या अशुद्धीमुळे फुगलेली होती. योजना बारगळली. पाण्यातला अत्यल्प पदार्थ मोजताना आधी आपली भांडी आणि रसायने तपासावीत, हा धडा मात्र आजही प्रत्येक पाणी तपासणी प्रयोगशाळेला लागू आहे.

शेवटचा शोध : लोखंड आणि पेरॉक्साइड

१९३० च्या सुमारास हाबर यांचे लक्ष एका जुन्या कोड्याकडे वळले. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी विद्यार्थिदशेतच, १८७६ मध्ये, एक गंमत नोंदवली होती. टार्टारिक आम्ल, म्हणजे आपल्या चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल, घेऊन त्यात लोखंडाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले आणि मग अल्कली घातली, तर गडद जांभळा रंग येतो. १८९४ मध्ये त्यांनी सविस्तर निबंध लिहिला. एकट्या पेरॉक्साइडने जे होत नाही ते चिमूटभर लोखंड आले की होते. का, याचे उत्तर फेंटन यांच्याकडे नव्हते. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले.

हाबर आणि त्यांचे तरुण सहायक जोसेफ वाइस यांनी हे उत्तर शोधले. या कोड्यावरची त्यांची पहिली छोटी टिपणी १९३२ मध्ये आली. त्यांच्या मते, लोखंडाचा अणू पेरॉक्साइडच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन देतो. त्यामुळे रेणू दुभंगतो. एक तुकडा निरुपद्रवी हायड्रॉक्साइड आणि दुसरा हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा, कमालीचा आक्रमक कण. इलेक्ट्रॉन दिलेले लोखंड पेरॉक्साइडच्याच मदतीने पुन्हा मूळ रूपात येते आणि चक्र चालू राहते. अमोनियाच्या कारखान्यातले लोखंड इथे पुन्हा उत्प्रेरक म्हणून भेटते, यावेळी पाण्यात आणि साध्या तापमानाला.

हे काम चालू असतानाच एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू कर्मचाऱ्यांना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा केला. युद्धात सेवा केल्यामुळे हाबर यांची स्वतःची खुर्ची शाबूत राहिली असती, पण संस्थेतील ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकावे लागणार होते. ३० एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. ज्या देशासाठी त्यांनी क्लोरीन सोडला त्या देशात आता त्यांना जागा उरली नव्हती. पुढे त्यांना आसरा दिला तो केंब्रिजने. जिथे फेंटन यांनी आपले प्रयोग केले होते, त्याच विद्यापीठात त्यांच्या कोड्याचे उत्तर घेऊन हाबर पोहोचले. वाइसही सोबत होते.

हृदयविकाराने खंगलेले हाबर काही महिन्यांतच तिथून निघाले. २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे एका हॉटेलात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पुढे क्लारा यांच्या अस्थीही त्यांच्याशेजारी आणण्यात आल्या. पेरॉक्साइडवरचा सविस्तर निबंध त्यानंतर प्रसिद्ध झाला. त्यांच्या संस्थेत विकसित झालेल्या सायनाइडयुक्त कीटकनाशकाचा पुढचा अवतार, झायक्लॉन बी, नाझींनी छळछावण्यांत वापरला. छावण्यांत मारल्या गेलेल्यांत हाबर यांचे नातेवाईकही होते.

त्यांच्या निबंधातील सगळे टिकले असे नाही. साखळी पुढे नेणारी त्यांनी सुचवलेली एक पायरी लोखंडाशिवाय अतिशय मंद असते, हे नंतरच्या संशोधनात दिसले. पण लोखंडामुळे पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, ही पहिली पायरी आजही पाया मानली जाते.

सांडपाण्यात हे कसे वापरतात?

एखादा पदार्थ किती जोमाने ऑक्सिडीकरण करतो हे व्होल्टमध्ये मोजतात. क्लोरीनची क्षमता सुमारे १.३६ व्होल्ट, हायड्रोजन पेरॉक्साइडची १.७८, ओझोनची २.०७ आणि हायड्रॉक्सिल रॅडिकलची सुमारे २.८. तो सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशापुरता जगतो, पण तेवढ्यात समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. अॅझो पूल तुटतो, कडी उघडतात, छोटी आम्ले बनतात आणि प्रक्रिया पूर्ण झाली तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्षार उरतात.

१९६० च्या दशकात फिनॉल असलेल्या सांडपाण्यावर या अभिक्रियेचे प्रयोग झाले. १९७० च्या दशकात प्रकाश आणि टायटॅनियम डायऑक्साइड वापरून रॅडिकल तयार करण्याची वाट खुली झाली. १९८७ पासून या सगळ्या पद्धतींना मिळून प्रगत ऑक्सिडीकरण प्रक्रिया असे नाव रूढ झाले.

प्रत्यक्ष कृती अशी. सांडपाण्यात आम्ल घालून पीएच ३ च्या आसपास आणायचा. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवायचे. मग पेरॉक्साइड हळूहळू सोडत पाणी ढवळायचे. तास-दोन तासांनी चुना घालून पीएच वाढवला की लोखंड तपकिरी गाळ होऊन खाली बसते. यातले पेरॉक्साइड डाइंगवाल्यांना नवे नाही. रंगवण्याआधी सूत पांढरे करायला तेच वापरतात.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी प्रस्तुत प्रतिनिधीने हा प्रयोग चंचुपात्रात केला होता. गडद निळे पाणी पंधरा मिनिटांत फिके झाले आणि गटातल्या सगळ्यांनी प्रकल्प संपला असे गृहीत धरले. सीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय पदार्थ जाळायला लागणारा ऑक्सिजन, मोजल्यावर तो अपेक्षेइतका उतरलाच नव्हता. रंग देणारा पूल तुटला होता, उरलेला सांगाडा तसाच होता. शिवाय शिल्लक पेरॉक्साइड सीओडीच्या चाचणीत ढवळाढवळ करते आणि आकडा फुगवते, हेही तेव्हाच कळले.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण खर्चाची. पेरॉक्साइड, आम्ल आणि चुना तिन्ही विकत आणावे लागतात. दुसरी गाळाची. लोखंडाचा गाळ मोकळ्या जागेत टाकता येत नाही, घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवावा लागतो. तिसरी मिठाची. रंगाच्या कुंडातले क्लोराइड रॅडिकलला मध्येच गाठून निष्प्रभ करते आणि मीठ स्वतः या प्रक्रियेने जात नाही. चौथी, पेरॉक्साइड जास्त झाले तर तेच रॅडिकल खाऊन टाकते. म्हणजे जास्त औषध, जास्त गुण असे इथे नाही. प्रत्येक पाण्याची मात्रा आधी चाचणी करून ठरवावी लागते.

म्हणून अनेक ठिकाणी ही प्रक्रिया एकटी वापरत नाहीत. आधी रॅडिकलने मोठे रेणू मोडायचे आणि उरलेले तुकडे जिवाणूंच्या टाकीत पचवायचे, ही जोडणी तुलनेने स्वस्त पडते. लोखंडाचा क्षार दर वेळी टाकण्याऐवजी घन उत्प्रेरक वापरून गाळ कमी करण्यावरही संशोधन सुरू आहे.

सोलापूरने यातून काय घ्यावे?

नळाला रोज पाणी न येणे ही सोलापूरकरांची जुनी सवय आहे. उजनीचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून आणणाऱ्या शहरात डाइंगचे पाणी एकदाच वापरून सोडून देणे महागात पडते. रंग मुळातून तुटला तर त्यातले काही पाणी पुढच्या धुण्याला फिरवता येते. छोट्या युनिटला ही यंत्रणा एकट्याने परवडत नाही, त्यामुळे हा प्रश्न सामाईक प्रक्रिया केंद्रांकडे येतो.

आणि नागरिकांसाठी एक साधी गोष्ट. नाल्याचे पाणी लाल-निळे दिसले की तक्रार होते, पांढरे झाले की ती मागे पडते. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी केंद्राच्या सर्वसाधारण मानकांत सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. पाणी स्वच्छ झाले असे कोणी सांगितले तर रंगाबरोबर हा आकडाही विचारायला हवा.